टिपेश्वर : पुढच्या सीटवरची माणसं

यवतमाळ जिल्हा राज्याच्या बातम्यांत बरीच वर्षं दोनच कारणांनी झळकायचा : कापूस आणि शेतकरी आत्महत्या. तिसरं कारण वाघाने दिलं. केळापूर आणि घाटंजी तालुक्यांत, नागपूर-हैदराबाद महामार्गापासून फारसं आत न शिरता लागणारं टिपेश्वर १९९७ साली अभयारण्य झालं. क्षेत्रफळ १४८.६३ चौरस किलोमीटर, म्हणजे ताडोब्याच्या कोअरचा चौथा हिस्साही नाही. सुरुवातीला बाहेरच्या पर्यटकांना हे नावही ठाऊक नव्हतं. आता सुन्ना आणि माथनीच्या गेटवर पहाटे जिप्सी उभ्या असतात, त्यांत पुण्या-मुंबईचे आणि हैदराबादचेही पर्यटक असतात. या बदलाचं श्रेय सगळे वाघाला देतात. जिप्सीत चालकाशेजारी बसणारा गाइड आणि त्याच्याही आधी जंगलात राबणारा वनमजूर मात्र फोटोच्या चौकटीबाहेर राहतात.

सफारी सुरू होण्याआधीचं काम दिसायला अगदीच रुक्ष होतं. टिपेश्वरचं जंगल मुख्यत्वे सागाचं. फेब्रुवारीत पानगळ जोर धरते आणि जमिनीवर वाळल्या पानांचा थर साचतो. मोहफुलं वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा कोणी पेटवला, की वणवा लागायला वेळ लागत नाही. त्यामुळे हिवाळा सरता सरता वणवा अडवणाऱ्या जाळरेषा काढायच्या, उन्हाळ्यात धूर दिसला की झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन धावायचं, पाणवठे आटू लागले की पाण्याची सोय करायची, हा वर्षानुवर्षांचा क्रम. अभयारण्याच्या पोटात असलेली टिपेश्वर आणि मारेगाव ही गावं पुढे बाहेर हलवली गेली. मोकळ्या झालेल्या शिवारात गवत वाढलं, गवतावर चितळं आणि नीलगाई आल्या, आणि त्यांच्यामागे वाघ आले. दोन ओळींत सांगून होतं, पण गाव उठण्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्यांनी मोजली, हे पर्यटनाच्या कौतुकात विसरलं जातं.

गाइड झाले ते याच परिसरातले तरुण. हा भाग गोंड आणि कोलाम वस्त्यांचा. तेंदूपानं, मोहफुलं, सरपण, गुरांची चराई यांसाठी ज्या वाटा आई-वडिलांनी तुडवल्या, त्याच वाटांचं ज्ञान वनविभागाच्या प्रशिक्षणानंतर रोजगाराचं साधन झालं. पुस्तकातून पक्ष्यांची इंग्रजी नावं पाठ करावी लागली, हे खरं. पण या कामाचा गाभा त्याहून जुना आहे.

उदाहरणार्थ, माग. धुळीच्या रस्त्यावर वाघाचा ठसा दिसला की पर्यटक मोबाइल काढतो, गाइड मात्र आधी टायरची खूण शोधतो. ठशावरून टायर गेलेला असेल, तर वाघ आधी गेलेल्या गाडीच्याही आधीच निघून गेला. टायरच्या नक्षीवर ठसा उमटला असेल, तर तो नंतर आला आणि कदाचित जवळच आहे. मग गाडी थांबते, इंजिन बंद होतं, आणि कान कामाला लागतात. चितळ एकदा ओरडून गप्प झालं तर त्यावर फार विसंबायचं नाही; कळपातलं एखादं पिल्लूही दचकतं. वानर झाडाच्या शेंड्यावरून एकाच दिशेला बघत खोकल्यासारखा आवाज काढू लागलं, तर त्या दिशेला बघायचं. सांबराने साद दिली, तर चालकाला किल्ली फिरवायला सांगायचं, कारण सांबर सहसा उगाच ओरडत नाही. पर्यटक याला नशीब म्हणतात. गाइडही ते खोडून काढत नाही, कारण वाघ दिसला नाही तर त्याच नशिबावर ढकलायची सोय राहते.

पण वाघाशी या जिल्ह्याचं नातं सफारीपुरतं नाही. शेजारच्याच राळेगाव तालुक्यात २०१६ पासून माणसं मरू लागली. दोन वर्षांत १३ मृत्यू झाले आणि त्यांतले बहुतेक ‘टी १’ म्हणजे अवनी या वाघिणीच्या नावावर टाकले गेले. शेतात जायचं तर घोळक्याने, गुरं चारायची तर धास्तीने, असे ते दिवस. गावकऱ्यांचा राग सर्वांत आधी झेलावा लागला तो रोज गावात दिसणाऱ्या वनरक्षकाला. २०१८ मध्ये तिला पकडण्यासाठी काय काय आणलं गेलं : मध्य प्रदेशातले हत्ती, इटालियन जातीचे शिकारी कुत्रे, पॅराग्लायडर, आणि वाघिणीला भुलवायला चक्क एका परदेशी कंपनीचं अत्तर! ताडोब्याहून आणलेला हत्ती साखळी तोडून पळाला आणि त्याच्या हल्ल्यात चहांदच्या एका महिलेचा जीव गेला. दिल्ली-मुंबईचे कॅमेरे या नवलाईवर खिळले होते. त्याच वेळी स्थानिक कर्मचारी कॅमेरा ट्रॅप तपासत, ठसे मोजत, कोणत्या नाल्यात वाघीण उतरली याचा अंदाज बांधत पायी हिंडत होते. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटी परिसरात अवनीला गोळी घालण्यात आली. ती ज्या पद्धतीने घातली गेली त्यावरचा वाद देशभर गाजला. मागे राहिलेल्या दोन बछड्यांचा शोध मात्र पुन्हा त्याच पायी फिरणाऱ्यांच्या वाट्याला आला, आणि डिसेंबरात त्यांतली मादी हाती लागली.

पुढच्याच वर्षी याच जिल्ह्याने अगदी वेगळी गोष्ट पाहिली. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि वनविभागाने टिपेश्वरच्या एका तरुण वाघाला रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये तो निघाला. तेलंगणातलं आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असं करत डिसेंबरात बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पाच महिन्यांत सुमारे १,३०० किलोमीटर! जगभर त्याचं ‘वॉकर’ असं नाव झालं. उपग्रह त्याचा ठावठिकाणा कळवत होता, पण वाटेतल्या वनकर्मचाऱ्यांना सावध करणं, गर्दी जमू न देणं, कपाशीच्या पिकात बसलेल्या वाघाजवळ कोणी जाणार नाही हे बघणं, ही कामं माणसांनीच केली. हिंगोलीत तो बसला होता त्या झुडपात काही जण शिरले तेव्हा एक जण जखमी झाला. एवढ्या मोठ्या प्रवासात, शेतं आणि गावं ओलांडताना, यापलीकडे गंभीर काही घडलं नाही.

त्यानंतर टिपेश्वरचे वाघ आणखी लांब गेले. २०२१ मध्ये एक तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या गौताळ्यात दिसला, तर २०२४ च्या अखेरीस दुसरा थेट धाराशिवच्या येडशी रामलिंगला. दोन्ही ठिकाणी कित्येक दशकांत वाघ नव्हता. टिपेश्वरच्या कॅमेऱ्यांतले पट्ट्यांचे फोटो जुळवूनच येडशीचा पाहुणा ओळखता आला. ते कॅमेरे झाडाला बांधणारे, बॅटऱ्या बदलणारे हात कोणाचे, हे सांगायची गरज नाही.

या सगळ्या काळात गाइडच्या कामावरचा ताणही वाढला. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि बछड्यांची वाट जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवल्याचा व्हिडिओ पसरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाइड आणि जिप्सीचालक निलंबित झाले. शिक्षा योग्यच होती. मात्र ‘अजून थोडी पुढे घ्या’ हा आग्रह मागच्या सीटवरून येतो, आणि न ऐकणाऱ्या गाइडची बक्षिशी कापली जाते, ही या धंद्यातली उघड गोष्ट आहे. मारुतीने जिप्सीचं उत्पादन २०१९ च्या सुमारास थांबवल्यापासून जुन्या गाड्या सांभाळण्याचा खर्चही चालकांच्या बोकांडी बसला आहे.

शिवाय गाइडचं उत्पन्न फेरीवर अवलंबून असतं. पावसाळ्यात सफारी बंद झाली की तोच तरुण कपाशीत, तुरीत निंदणाला जातो. कॅमेरा ट्रॅप, पावसाळी गस्त ही कामं त्या महिन्यांना जोडून गाइडना बारमाही रोजगार देणं अवघड नाही, आणि त्यासाठी गेटवर जमा होणाऱ्या शुल्काचा ठरावीक वाटा बाजूला काढायला हवा. तोवर टिपेश्वरला जाणाऱ्या वाचकांनी एक करावं : वाघ दिसो न दिसो, बक्षिशी सारखीच द्यावी, आणि गाइड गाडी मागे घ्या म्हणाला तर वाद घालू नये.