वळीव गाठण्याआधी
छत्रीबागेतल्या होळकरांच्या छत्र्या पाहून नौकाविहार करायचा तर पिपलियापाल्याचा तलाव इंदुरातच आहे. ऐसपैस पाणी हवं तर खंडवा जिल्ह्यात इंदिरा सागरावरचं हनुवंतिया. मे-जूनमध्ये मात्र सकाळच गाठावी. माळव्यात दुपारपर्यंत जमीन तापते, ढग फुलकोबीसारखे वर चढतात आणि वळीव बहुधा तिसऱ्या प्रहरी कोसळतो. पाऊस परवडला, त्याच्या पुढे धावणारा वारा नाही. गार झोत आला, पाणी शहारलं की नाव वळवा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतच्या सेकंदांना ३ ने भागलं की तिचं अंतर किलोमीटरमध्ये कळतं. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पाण्यात उतरू नये. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजेचा इशारा देतं. लाइफ जॅकेट उशाला घेणारे बहाद्दर सगळीकडे भेटतात. बकल लावलेलं बरं.