पॅनेलला दोन अनुदानं, बॅटरीला एकही नाही

छतावर सोलर बसवलं की लाइट गेली तरी घर चालू राहतं, हा समज आमच्या शहरात हडको-सिडकोपासून बीड बायपासपर्यंत घट्ट रुजला आहे. तो खरा नाही. अनुदानातून बसणारी नेहमीची यंत्रणा महावितरणच्या तारेशी जोडलेली असते. तारेतली वीज गेली की सोलरचा इन्व्हर्टरही आपोआप बंद पडतो, आणि तो पडायलाच हवा. नाहीतर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनपर्यंत आपल्या छतावरची वीज पोहोचेल आणि त्याचा जीव जाईल. म्हणून मे महिन्याच्या भर दुपारी छतावर पॅनेलं तळपत असतात आणि खाली पंखा बंद असतो. यावर उपाय बॅटरीचा. पण तिचं नाव निघालं की लगेच दुसरा समज पुढे येतो, की सरकार बॅटरीवरही अनुदान देतं.

मी आयटीआयमध्ये वीजतंत्री हा ट्रेड शिकवला. निवृत्त झाल्यापासून गल्लीतली माणसं सोलरची कोटेशनं घेऊन येतात आणि "सर, एवढं बघून द्या" म्हणतात. त्यातल्या काहींवर बॅटरीसह एकच रक्कम लिहिलेली असते आणि खाली "अनुदान वजा जाता" असा शेरा. त्यातलं अनुदान असतं पॅनेलचं, पण वाचणाऱ्याला वाटतं की बॅटरीही स्वस्तात पडली. म्हणून हा हिशेब सुटा करून मांडतो.

पहिलं अनुदान केंद्राचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली 'पीएम सूर्यघर : मोफत बिजली योजना' एक कोटी घरांसाठी आहे आणि तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार रुपये मिळतात. म्हणजे ७८ हजारांवर हात थांबतो, मग यंत्रणा पाच किलोवॅटची असो की दहाची. हे आकडे कुठून आले तेही कळायला हवं. सरकारने पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ५० हजार रुपये प्रमाण किंमत धरली आणि तिचे ६० टक्के दिले, तर तिसऱ्यासाठी ४५ हजार धरून ४० टक्के दिले. बाजारातला विक्रेता यापेक्षा जास्त मागत असेल, तर जास्तीची रक्कम कशाची, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

दुसरं अनुदान राज्याचं, आणि ते आमच्या भागात अजून पुरेसं माहीत नाही. २०२५ च्या पावसाळ्याअखेरीस राज्य सरकारने 'स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप' म्हणजे 'स्मार्ट' योजना आणली. दोन वर्षांसाठी ६५५ कोटी रुपये आणि पाच लाख घरगुती ग्राहक. ती दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी आणि महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्यांसाठी आहे. एक किलोवॅटला केंद्राचे ३० हजार मिळतातच. त्यावर राज्य सर्वसाधारण ग्राहकाला १० हजार, अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकाला १५ हजार आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला १७,५०० रुपये देतं. ५० हजारांच्या यंत्रणेसाठी घरातून अनुक्रमे १० हजार, ५ हजार आणि अवघे २,५०० रुपये जातात. एक किलोवॅटमधून महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट वीज मिळते. ज्या घराचा वापरच शंभरच्या आत आहे, त्याचं बिल यातून जवळजवळ मिटतं. दिल्ली आणि उत्तर प्रदेशही केंद्राच्या अनुदानात आपली भर घालतात. आपल्या राज्याने ती भर कमी वापराच्या घरांसाठी ठेवली, हे मला योग्य वाटतं.

आता बॅटरीकडे येऊ. केंद्राची रक्कम ठरते ती पॅनेल आणि इन्व्हर्टर यांपैकी ज्याची क्षमता कमी असेल त्यावर. बॅटरी त्या हिशेबात येतच नाही. ती बसवायला मनाई नाही, मात्र तिचा पैसा आपल्या खिशातला. महावितरणच्या जोडणीशिवाय, निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्या सोलरला तर केंद्राचं अनुदान मुळीच नाही. त्यामुळे बॅटरी स्वस्त करायची, तर बाकीच्या खर्चावरची प्रत्येक सवलत पुरेपूर पदरात पाडून घ्यायची आणि बॅटरी गरजेपुरतीच घ्यायची.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. बॅटरी हवी कशासाठी? बिल कमी करायला तिचा उपयोग नाही. नेट मीटरमुळे दुपारची उरलेली वीज महावितरणकडे जमा होते, रात्री आपण ती वापरतो आणि शिल्लक युनिट आर्थिक वर्ष संपेपर्यंत पुढे ओढले जातात. तीच वीज बॅटरीत साठवली तर भरता-काढताना काही भाग वाया जातो. बॅटरी घ्यायची ती फक्त लाइट गेल्यावर काय चालू राहायला हवं, त्यासाठी.

आमच्या शहरात वळवाचा वारा सुटला की फीडर ट्रिप होतो, कधी फांदी तारेवर पडते. तास-दोन तास जातात, वादळ मोठं असेल तर रात्र जाते. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, आणि ऐन त्या वेळी लाइट गेली तर मोटर चालत नाही, वरची टाकी कोरडी राहते. तेव्हा आपापल्या घराचा हिशेब मांडा. साधे दोन पंखे दीडशे वॅट, चार एलईडी दिवे आणि राउटर मिळून पन्नासच्या आसपास. चार तासांना पाऊण ते एक युनिट पुरतं. साध्या पंख्यांच्या जागी कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे लावले तर अर्ध्या युनिटात भागतं. म्हणजे दोन पंखे बदलले की बॅटरीची गरज निम्म्यावर येते, आणि तो खर्च बॅटरीच्या खर्चापुढे किरकोळ असतो. पाण्याच्या मोटरचं गणित वेगळं. सुरू होताना ती तिच्या नेहमीच्या विजेच्या कित्येक पट ओढते, त्यामुळे तिथे बॅटरीइतकाच इन्व्हर्टरही दमदार लागतो.

भारनियमनाच्या वर्षांत घेतलेला इन्व्हर्टर आणि त्याची लेड-ॲसिड बॅटरी इथल्या अनेक घरांत अजून आहे. सोलर बसवताना ती भंगारात देऊ नका. १५० अँपिअर-अवरची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट, आणि तिचं आयुष्य टिकवायचं असेल तर त्यातलं निम्मंच वापरावं. तेवढ्यात वरचे पंखे-दिवे चार तास चालतात. ती महावितरणच्या विजेवर चार्ज होते आणि ती वीज तुमच्याच पॅनेलच्या युनिटांतून वळती होते. नव्या बॅटरीचा खर्च शून्य. मुकुंदवाडीत घरी शिलाई करणाऱ्या एका ताईंना मी हेच सांगितलं. 'स्मार्ट'मधून एक किलोवॅट घ्या आणि मशीन, दिवा, पंखा जुन्या इन्व्हर्टरवरच राहू द्या.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरचं माणूस असेल, किंवा तुमच्या फीडरवर लाइट तासन्‌तास जात असेल, तर मात्र लिथियम बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा. हायब्रिड इन्व्हर्टर लाइट गेल्यावर घर तारेपासून तोडतो आणि पॅनेलची वीज घराला व बॅटरीला देत राहतो. बॅटरी वर्षभराने घेणार असाल, तरी इन्व्हर्टर पहिल्याच दिवशी हायब्रिड घ्या, म्हणजे नंतर तो बदलण्याचा खर्च वाचेल. करातही फरक पडला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, आणि लेड-ॲसिड बॅटरीवरचा २८ वरून १८ वर. लिथियमवर तो आधीपासून १८ आहे. पॅनेलसाठी राष्ट्रीयीकृत बँका विनातारण कर्ज देतात, त्याचा व्याजदर रेपो दराहून अर्धा टक्का जास्त असतो. ते कर्ज घेतलं तर हातातली बचत बॅटरीसाठी मोकळी राहते.

आमच्या गल्लीतल्या एका काकांचा मुलगा पर्थला असतो. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२५ पासून केंद्र सरकार थेट घरच्या बॅटरीवर सवलत देतं, आणि ती सुरुवातीला किमतीच्या सुमारे ३० टक्के धरली होती. त्याच दिवसापासून पर्थ ज्यात येतं त्या पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याचीही वेगळी सवलत सुरू झाली आणि दोन्ही एकत्र घेता येतात. राज्याची एक अट आहे. गरजेच्या वेळी हजारो घरांच्या बॅटऱ्या एकत्र वापरता याव्यात, म्हणून त्या व्यवस्थेत आपलं नाव नोंदवावं लागतं. तिथे दुपारी सोलरची वीज उतू जाते आणि ग्रीडला विकलेल्या युनिटला फारच कमी भाव मिळतो, म्हणून सरकारला संध्याकाळसाठी साठवण हवी आहे. छतं भरत जातील तसा हाच प्रश्न महाराष्ट्रापुढेही येणार आहे. तेव्हा पहिला हात 'स्मार्ट'च्या लाभार्थ्यांना द्यावा, ही माझी राज्य सरकारला कळकळीची विनंती आहे. अडीच हजार भरून सोलर घेणाऱ्या घराला बॅटरी स्वतःच्या बळावर परवडणार नाही, आणि लाइट गेल्यावर ज्याची मजुरी बुडते असं घर तेच आहे. चार तासांच्या छोट्या बॅटरीसाठी राज्याने भर घातली, तर ते पैसे योग्य घरी जातील.

वाचकांनी तोवर एवढं करावं. वीजबिल वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल, तर आधी नावात बदल करून घ्या, कारण अर्ज बिलावरच्या नावाने होतो. अर्ज सरकारच्या सूर्यघर पोर्टलवरूनच करा, तिथल्या यादीतला विक्रेता निवडा आणि पॅनेलं देशी बनावटीच्या सेलची, म्हणजे डीसीआर असल्याचं कागदावर घ्या. ती अट मोडली तर अनुदान मिळत नाही. केंद्राची रक्कम यंत्रणा सुरू झाल्यावर तुमच्या बँक खात्यात येते, म्हणून बँकेचा तपशील नीट भरा. आणि सही करण्याआधी कोटेशनवर पॅनेल, इन्व्हर्टर आणि बॅटरी यांच्या किमती वेगवेगळ्या लिहून मागा. जो विक्रेता त्या सुट्या करून देत नाही, त्याच्याकडून सोलर घेऊ नका.