निरोप उशिरा पोहोचतो, म्हणून कथा घडते
संदेशवहनाची साधने बदलली की विज्ञानकथेतील कथानक आणि पात्रेही बदलतात

प्रतिनिधी, नागपूर

मुख्यमंत्र्यांना एक निनावी दूरध्वनी येतो. सत्ता उलथवण्याचा कट शिजत असल्याची सूचना त्यावरून मिळते. सूचना देणारा कोण, हे कळायला मार्ग नाही. जवळच्या प्रत्येक माणसाकडे संशयाने पाहण्याखेरीज मुख्यमंत्र्यांच्या हाती काही उरत नाही. १९७९ सालच्या ‘सिंहासन’ या चित्रपटातील राजकारणाला अशी सुरुवात होते. हा चित्रपट ज्यांच्या कादंबऱ्यांवर बेतला ते अरुण साधू मूळचे परतवाड्याचे. नागपुरात २००७ मध्ये भरलेल्या ८० व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि ‘विप्लवा’ ही विज्ञान कादंबरीही त्यांच्या नावावर आहे.

‘सिंहासन’ ही काही विज्ञानकथा नव्हे. तरीही त्यातील दूरध्वनी विज्ञानकथेचे एक मर्म सांगून जातो. आज तसा फोन आला, तर समोर क्रमांक उमटेल आणि त्याचा माग काढण्यापासून तपासाला आरंभ होईल. यंत्र बदलले की संशयाची जात बदलते आणि संशय बदलला की माणसाचे वागणेही बदलते. पात्राला काय ठाऊक आहे, ते केव्हा कळले आणि कोणाकडून कळले, या तीन प्रश्नांवर कथानक उभे असते. त्यांची उत्तरे संदेशवहनाचे साधन ठरवते. विज्ञानकथेचा लेखक तर हे साधनच नव्याने कल्पू शकतो. त्यामुळे त्याचा परिणाम तेथे अधिक ठळकपणे दिसतो.

तारेने दिलेले वळण

भा. रा. भागवत यांनी ज्या ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या भेटीला आणले, त्याची चंद्रप्रवासावरील कादंबरी १८६५ सालची. चंद्रावर तोफेचा पोकळ गोळा डागायचा, एवढाच तीतील मूळ बेत असतो. मध्येच युरोपातून समुद्राखालून एक तार येते. गोळ्याचा आकार बदला, मी आत बसून जाणार आहे, असे तीत कळवलेले असते. तोवर तोफखान्याची असलेली कथा त्या क्षणी माणसांची होते. विशेष म्हणजे अटलांटिकपार टिकाऊ तारसेवा सुरू झाली ती १८६६ मध्ये. १८५८ ची पहिली तार काही आठवड्यांतच निकामी झाली होती. लेखक प्रत्यक्षाच्या एक वर्ष पुढे होता.

एच. जी. वेल्स यांनी १८९८ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये तारेची दुसरी बाजू दाखवली. मंगळावरून आलेल्या यानाची बातमी एक पत्रकार लंडनला तारेने कळवतो. वृत्तपत्राला ती थाप वाटते. खातरजमा करण्यासाठी उलट तार जाते, पण तिला उत्तर मिळत नाही. कारण पत्रकार तोवर मारला गेलेला असतो. विशेष अंक निघत नाही आणि लंडन निर्धास्त झोपते. संकट दारात उभे आहे, निरोपही वेळेवर पोहोचला आहे. त्यावर विश्वास तेवढा बसलेला नाही.

गुपित राखण्याची सोय

डॉ. जयंत नारळीकर यांच्या ‘धूमकेतू’ या कथेचा आधार आहे तो गुपित. एका हौशी निरीक्षकाने शोधलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार, असे गणित मांडणारा लेख छापून येण्याआधीच थांबवला जातो. केंब्रिजमध्ये निवडक तज्ज्ञांची गुप्त बैठक भरते आणि उपाय ठरतो. इकडे त्या निरीक्षकाच्या घरी मात्र धूमकेतूच्या शांतीसाठी यज्ञ होतो. संकट टळल्याचे खरे कारण बंद खोलीत राहिल्यामुळे श्रेय यज्ञाला मिळते आणि वैज्ञानिक वृत्तीचा नायक आपल्याच घरात एकाकी पडतो. त्याचे हे एकाकीपण त्या गुप्ततेतून आलेले आहे.

आज असे गुपित राखणे कठीण. डिसेंबर २०२४ मध्ये सापडलेला ‘२०२४ वायआर ४’ हा लघुग्रह २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत गेली होती. तो आकडा जगाने भ्रमणध्वनीवर वाचला आणि पुढील काही दिवसांत तो जवळपास शून्यावर आलेलाही पाहिला. ‘धूमकेतू’ आज लिहायची झाली, तर गुप्त बैठकीची जागा उघड गोंधळाला द्यावी लागेल.

बारा मिनिटांचे अंतर

पृथ्वीवर संदेश जवळपास तत्काळ पोहोचत असला, तरी अवकाशात तसे होत नाही. रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने जातात. चंद्रापर्यंत त्यांना सव्वा सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो, तर मंगळापर्यंत परिस्थितीनुसार ३ ते २२ मिनिटे. भारताचे मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा एका बाजूचा प्रवास सुमारे साडेबारा मिनिटांचा होता. त्यामुळे इंजिन सुमारे २४ मिनिटे चालवण्याच्या आज्ञा यानाच्या संगणकात आधीच भरून ठेवाव्या लागल्या. ऐनवेळी बेंगळुरूहून काही सांगणे शक्यच नव्हते.

त्या यानात माणूस असता, तर निर्णय त्यालाच घ्यावा लागला असता. अवकाशकथांतील धाडसी, हट्टी किंवा नियम मोडणारा नायक अनेकदा याच अंतरातून जन्म घेतो. वरिष्ठांची परवानगी येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. हे अंतर मिटवायचे, तर लेखकाला नवे यंत्र कल्पावे लागते. उर्सुला ले ग्विन यांनी १९६६ मध्ये ‘अॅन्सिबल’ हे तत्काळ संदेशवहनाचे साधन योजले. मात्र त्यांच्या कथाविश्वात संदेश क्षणात पोहोचतो, माणूस नाही. प्रवासी परततो तेव्हा त्याच्या माणसांची आयुष्ये पुढे निघून गेलेली असतात.

याउलट टोक नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत आहे. पुरातन पण प्रगत संस्कृतीने पुरून ठेवलेली पेटी सापडते आणि तीतील माहितीनुसार ‘वामन’ हा यंत्रमानव घडवला जातो. ज्यांनी निरोप ठेवला, ते उरलेले नाहीत. खुलासा विचारावा तर उत्तर देणारे कोणी नाही. कादंबरीतले भय आहे ते एवढेच.

आता रहस्य कशाचे?

देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. भ्रमणध्वनी प्रत्येक खिशात आला. त्यामुळे चुकामूक, न मिळालेले पत्र, उशिरा आलेली तार ही जुन्या कथानकांची हुकमी साधने लेखकाच्या हातून गेली. ‘नेटवर्क नाही’ ही पळवाट एकदा चालते, दर वेळी नाही.

१९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी पाठवताना नारळीकरांनी नारायण विनायक जगताप हे नाव घेतले होते. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. हस्ताक्षर ही माणसाची ओळख होती, तो हा काळ. आज संगणक कोणाचाही आवाज आणि चेहरा हुबेहूब उभा करतो. समोर बोलणारी व्यक्ती खरोखर तीच आहे का, हा प्रश्न आता घराघरात पोहोचला आहे.

नव्या विज्ञानकथेला रहस्य शोधण्यासाठी त्यामुळे दूर जाण्याची गरज नाही. निरोप केव्हा पोहोचेल, या चिंतेवर जुन्या कथा उभ्या राहिल्या. आलेल्या निरोपावर विश्वास ठेवावा का, हा वेल्स यांच्या संपादकाला पडलेला प्रश्न आता प्रत्येक पात्राला सोडवावा लागणार आहे.