गवत, टर्फ आणि आपले लाडके गैरसमज

भारतीय हॉकी कशानं बुडाली, असं कुठल्याही जुन्या हॉकीशौकिनाला विचारावं. चर्चगेटच्या महिंद्र स्टेडियमवर विचारा, खडकीत विचारा, वांद्र्यात विचारा, उत्तर ठरलेलं असतं: ‘ॲस्ट्रोटर्फनं घात केला.’ पुरावाही तयारच असतो. 1975 ला क्वालालंपूरमध्ये आपण जगज्जेते आणि पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये थेट सातवे. मधल्या काळात काय झालं? गवत गेलं, टर्फ आलं. हिशेब इतका चोख बसतो की त्याची उलटतपासणी करायच्या फंदात कुणी पडत नाही. ती केली की मात्र हिशेबातली भोकं दिसायला लागतात आणि हॉकी खरोखर कशी बदलत गेली, याची बरीच जास्त रंजक गोष्ट हाती लागते.

‘टर्फ आलं आणि युरोपनं आपलं राज्य हिरावलं’

आधी तारखा पाहू. 1928 ते 1968 या काळातलं प्रत्येक ऑलिंपिक सुवर्ण भारताकडे किंवा पाकिस्तानकडे गेलं. ही साखळी तुटली 1972 ला म्युनिकमध्ये. पश्चिम जर्मनीनं अंतिम सामन्यात पाकिस्तानला 1-0 असं हरवलं. तो सामना झाला गवतावर. पुढच्या वर्षी नेदरलँड्समधल्या ॲमस्टेलवेनला विश्वचषक झाला, तोही गवतावरच. अंतिम सामन्यात सुरजितसिंगच्या दोन गोलांच्या जोरावर भारत 2-0 असा पुढे होता. डच संघानं बरोबरी साधली. जादा वेळेत भारताला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. म्हणजे समोर एकटा गोलरक्षक आणि चेंडू आत गेला की विश्वचषक आपला. गोविंदानं तो दवडला, आणि पुढे टायब्रेकरच्या स्ट्रोक्सवर डच जिंकले. माँट्रियलला टर्फ अंथरलं गेलं, त्याच्या तीन वर्षं आधीची ही गोष्ट.

आणखी मागे गेलं तर तडे तिथेही दिसतात. 1958 च्या टोकियो आशियाई स्पर्धेत सुवर्ण पाकिस्तानला मिळालं. 1960 ला रोममध्ये नसीर बुंदाच्या एका गोलानं सहा सलग सुवर्णांची माळ तुटली. 1968 ला मेक्सिकोत आपण अंतिम फेरीतही नव्हतो. यातल्या एकाही पराभवाला टर्फ जबाबदार नाही.

आता खुद्द माँट्रियल. टर्फ युरोपच्या सोयीचं होतं, तर 1976 ला पदकं युरोपनं नेली असणार, असं कुणालाही वाटेल. सुवर्ण गेलं न्यूझीलंडला, रौप्य ऑस्ट्रेलियाला, कांस्य पाकिस्तानला. नेदरलँड्स चौथं. चार वर्षांपूर्वीचा विजेता पश्चिम जर्मनी पाचवा. पहिल्याच टर्फवरच्या ऑलिंपिकमध्ये युरोपचा एकही संघ पदकाच्या चौथऱ्यावर नव्हता, ही गोष्ट आपल्याकडच्या चर्चांत जवळपास कधीच येत नाही.

टर्फवरचं दुसरं ऑलिंपिक सुवर्ण तर भारतानंच जिंकलं, 1980 ला मॉस्कोत, स्पेनला 4-3 असं हरवून. अर्थात इथे हातचं राखून बोलू नये: बहिष्कारामुळे पाकिस्तान, पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांतलं कुणीच आलं नव्हतं, आणि पुरुषांत संघ होते जेमतेम सहा. पण पाकिस्ताननं 1984 ला लॉस एंजेलिसचं सुवर्ण आणि 1994 ला सिडनीचा विश्वचषक टर्फवर जिंकला, तेव्हा जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया हजर होते. दक्षिण कोरियानं 2000 ला सिडनी ऑलिंपिकचं रौप्य मिळवलं, तेही टर्फवरच. आशियाई मनगटाला टर्फ मानवत नाही, हा सिद्धांत या संघांनी कधीच मोडीत काढला आहे.

उलट बाजूही पाहावी. 1978 चा विश्वचषक ब्यूनस आयर्सला गवतावर झाला; भारत सहावा. 1982 चा तर मुंबईत, आपल्या गवतावर, आपल्या प्रेक्षकांसमोर. भारत पाचवा, आणि चषक नेला पाकिस्ताननं. गवत परत मिळूनही आपण जिंकलो नाही.

मग टर्फ निर्दोष का? तसंही नाही. टर्फनं खेळ महाग केला. मैदानाखाली पाया घालायचा, वर गालिचा अंथरायचा, प्रत्येक सामन्याआधी त्यावर हजारो लिटर पाणी मारायचं. छोट्या युरोपीय देशांतल्या क्लबांनी ते भराभर बसवलं. आपल्याकडे पोरं मातीत आणि उखडलेल्या गवतावर वाढत राहिली आणि टर्फ पहिल्यांदा पाहायची ती राष्ट्रीय शिबिरात. गवतावर चेंडू उसळतो, अडतो, म्हणून तो थांबवून, काठीला चिकटवून खेळायची सवय लागते. टर्फवर तो सरळ आणि वेगानं येतो, तेव्हा चालत्या पावलांवरच स्वीकारून पुढे ढकलायचा असतो. सतराव्या वर्षी ही सवय बदलणं सोपं नसतं. म्हणजे दोष गालिच्याचा कमी आणि तो वेळेवर न अंथरणाऱ्यांचा जास्त. 1998 ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत खडकीच्या धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली भारतानं 32 वर्षांनी सुवर्ण जिंकलं, तेही टर्फवर. त्यानंतर धनराजसह काही ज्येष्ठ खेळाडूंना संघातून वगळण्यात आलं. असल्या कारभाराचं खापर कुठल्या गवताच्या पात्यावर फोडायचं?

‘पूर्वी आपल्यापुढे कुणी टिकत नव्हतं’

टिकत नव्हतं हे खरं. पण समोर होतं कोण, तेही पाहायला हवं. 1932 ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये हॉकीला संघ होते तीन: भारत, जपान, अमेरिका. भारतानं जपानला 11-1 आणि अमेरिकेला 24-1 असं हरवलं. अमेरिकेनं दोन्ही सामने गमावले आणि तरीही कांस्यपदक घरी नेलं. अमेरिकेचा तो एक गोल झाला, तेव्हा नागपूरला जन्मलेला आपला गोलरक्षक रिचर्ड ॲलन प्रेक्षकांना सह्या देत होता, असा किस्सा सांगतात. किस्सा म्हणूनच तो ऐकावा. ब्रिटननं 1928, 1932 आणि 1936 या तिन्ही ऑलिंपिकमध्ये हॉकीचा संघ उतरवलाच नाही. तो आला 1948 ला, आणि वेम्ब्लीवर भारताकडून 4-0 असा हरला. त्या सुवर्णाचं वजन म्हणूनच वेगळं आहे.

यानं ध्यानचंदांची उंची तसूभरही कमी होत नाही. 1936 ला बर्लिनमध्ये सराव सामन्यात जर्मनीनं भारताला 4-1 असं हरवलं होतं. अंतिम सामन्यात त्याच जर्मनीला भारतानं 8-1 असं धुतलं. सरावात मार खाऊन महिन्याभरात हिशेब चुकता करणारा संघ दैवी वगैरे नव्हता, तो तयारी करणारा होता. पुढच्या पिढ्यांनी आठवण ठेवली ती जादूची, तयारीची नाही.

दरम्यान जग शिकत होतं, आणि गंमत म्हणजे बऱ्याच अंशी आपल्याकडूनच. जबलपूरला जन्मलेले पाच पिअर्स बंधू कुटुंबाबरोबर ऑस्ट्रेलियात पर्थला गेले आणि पाचही जण ऑस्ट्रेलियाकडून खेळले. फाळणीनंतर निम्मी कला पाकिस्तानच्या जर्सीत गेली, हे तर उघडच आहे. केनियाचा संघ म्हणजे शीख आणि गोवेकरांचा मेळावाच. हिलरी फर्नांडिस, अलू मेंडोन्सा ही नावं नैरोबीच्या मैदानावरची. 1971 च्या पहिल्या विश्वचषकात हा केनिया चौथा आला, आणि तिसऱ्या क्रमांकासाठी भारताला त्यांच्याशी झगडून 2-1 असं जिंकावं लागलं.

‘नियम आपल्याला खाली खेचायलाच बदलले’

हॉकीइतके नियम बदलणारा दुसरा मोठा सांघिक खेळ शोधावा लागेल. ऑफसाइडचा नियम आधी सैल झाला, 1996 नंतर प्रयोग म्हणून काढला गेला आणि 1998 पासून कायमचा गेला. खेळाडू कितीही वेळा बदलायची मुभा आली. 2009 ला ‘सेल्फ पास’ आला: फ्री हिट मिळाली की दुसऱ्याकडे न देता स्वतःच चेंडू घेऊन सुटायचं. पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या दोन डावांऐवजी पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग आले. बरोबरी झाली की स्ट्रोकऐवजी आठ सेकंदांचा शूटआउट आला.

यातला कट कुठला? ऑफसाइड गेल्यानं मैदान मोकळं झालं आणि आघाडीच्या खेळाडूला गोलजवळ थांबता आलं. सेल्फ पास तर ड्रिबलिंग करणाऱ्याच्या पथ्यावर पडणारा नियम. आठ सेकंदांच्या शूटआउटमध्ये गोलरक्षकाला चकवायचं असतं, म्हणजे पुन्हा मनगटाचंच काम. चार भागांचा खेळ भारतातल्या लीगनं जागतिक स्पर्धांच्या आधी खेळून पाहिला होता. आणि ‘ते गोरे लोक’ म्हणताना हेही लक्षात ठेवावं की 2016 ते 2022 आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचे अध्यक्ष नरिंदर बत्रा, म्हणजे भारतीयच होते.

बदलांमागचं खरं कारण बाजारातलं आहे: दूरचित्रवाणी. शिट्टीनं सतत अडणारा खेळ कुणी पाहत नाही आणि चार भाग केले की जाहिरातींना जागा मिळते. यावर नाक मुरडायला हरकत नाही, पण तो आकस नव्हे.

खेळाडू बदलायच्या मुभेनं मात्र खेळाचा श्वासच बदलला. 1964 ला टोकियोत पाकिस्तानला 1-0 नं हरवणारे अकरा जण पूर्ण सत्तर मिनिटं मैदानावर होते; दम राखून खेळणं ही कलाच होती. आज दर काही मिनिटांनी खेळाडू बाहेर येतो, पाणी पितो आणि पुन्हा जीव तोडून धावायला आत जातो. त्यामुळेच 2024 ला पॅरिसच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला सतराव्या मिनिटाला लाल कार्ड मिळाल्यावरचा खेळ इतका अवघड होता. चाळीसहून अधिक मिनिटं दहा जणांनी ब्रिटनला 1-1 वर रोखून धरलं आणि शूटआउट 4-2 असा जिंकला. जुन्यांकडे दम होता, आता नाही, असं म्हणणाऱ्यांनी तो सामना पुन्हा पाहावा.

‘आता कला संपली, उरले फक्त पेनल्टी कॉर्नर’

ही तक्रार अर्धी खरी आहे, म्हणून जास्त चिवट. पॅरिसमध्ये भारताच्या 15 गोलांपैकी 10 एकट्या हरमनप्रीतसिंगचे होते, कॉर्नर आणि स्ट्रोकवरचे. पण 1975 चं काय? उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध आपण 1-2 असे मागे, सामना संपत आलेला. राखीव बाकावरून अस्लम शेरखानला आत पाठवलं गेलं. त्यानं गळ्यातल्या ताविजाचं चुंबन घेतलं आणि पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली. अंतिम सामन्यातला भारताचा पहिला गोल, सुरजितसिंगचा, तोही कॉर्नरवर. अशोककुमारचा विजयी गोल सगळ्यांना आठवतो. ज्या दोन कॉर्नरमुळे तिथवर पोहोचलो, ते आठवणीतून गळतात.

ड्रॅग फ्लिक म्हणजे निव्वळ ताकद, हाही समज तपासावा. कॉर्नरवर पहिलाच फटका हिटचा असेल तर चेंडू गोलरेषा ओलांडताना 46 सेंटिमीटरच्या, म्हणजे गोलमागच्या फळीच्या उंचीच्या वर जाता कामा नये. फ्लिकला ही मर्यादा नाही. नियमातली ही फट हेरून खेळाडूंनी चेंडू काठीच्या वळणात पकडून, पाय फाकून, कंबरेतून पिळा देत लांब ओढत नेऊन वरच्या कोपऱ्यात भिरकवायचं तंत्र घडवलं. यात कमाल करणारा सोहेल अब्बास, 348 आंतरराष्ट्रीय गोलांचा धनी, पाकिस्तानचा. म्हणजे आशियाईच.

मैदानी कलाही मेलेली नाही, तिनं रूप बदललं आहे. गवतावर चेंडू जमिनीला धरून डावी-उजवीकडे नाचवला जायचा. सपाट टर्फवर तो प्रतिस्पर्ध्याच्या काठीवरून हलकेच उचलून पलीकडे पळत गाठता येतो. 2021 ला टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीविरुद्धच्या कांस्यपदकाच्या सामन्यात सिमरनजीतसिंगनं नीलकांतचा पास गोलवर्तुळात घेतला, गर्रकन वळला आणि उलट्या काठीनं फटका मारून चेंडू जाळ्यात धाडला. 1-3 अशा पिछाडीवरून भारत 5-4 असा जिंकला. त्या वळण्यात कला नव्हती, असं म्हणायला जाड भिंगाचा चष्मा लागेल.

‘पूर्वी देशासाठी खेळायचे, आता पैशासाठी’

आधी एक फुटकळ गैरसमज: हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ नाही. सरकारनं कुठलाच खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही, असं क्रीडा मंत्रालयानं माहितीच्या अधिकारातल्या अर्जाला 2012 ला लेखी कळवलं आहे.

आता पैसा. जुने खेळाडूही पोटासाठी नोकरी करतच होते. लष्कर, रेल्वे, पोलिस, इंडियन एअरलाइन्स यांचे संघ त्यावरच उभे राहिले. धनराज नव्वदच्या दशकात युरोप-मलेशियातल्या क्लबांकडून खेळला, कारण घरी व्यावसायिक लीगच नव्हती. 2005 ला प्रीमियर हॉकी लीग आली, 2008 ला संपली. 2012 ची वर्ल्ड सीरिज हॉकी, जिच्यात पुणे स्ट्रायकर्स आणि मुंबई मरीन्स हे संघ होते, एका मोसमात आटोपली. 2013 ला सुरू झालेली हॉकी इंडिया लीग 2017 नंतर सात वर्षं बंद होती. ती परत सुरू करताना ऑक्टोबर 2024 च्या लिलावात सर्वाधिक बोली लागली हरमनप्रीतवर: 78 लाख रुपये. पुढच्याच महिन्यात क्रिकेटच्या आयपीएल लिलावात ऋषभ पंतला 27 कोटी मिळाले. व्यावसायिकतेनं हॉकी बिघडवली म्हणायला आधी ती पुरती यायला तरी हवी.

तेव्हा टर्फला शिव्या घालायच्या असतील तर खुशाल घालाव्यात, पण आजचा हिशेबही विचारावा. डिसेंबर 2024 मध्ये हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांचे आठ संघ होते आणि महिलांचे चार. त्यात महाराष्ट्राचा एकही नव्हता.