पटावरची 161 मुले

अमेरिकेतल्या छोट्या गावच्या हायस्कूलचे 1950 च्या दशकातले इयरबुक, म्हणजे शाळेचे वार्षिक पुस्तक, उघडले की शेवटच्या वर्गाची पाने लगेच ओळखू येतात. खालच्या इयत्तांचे फोटो लहान, दाटीवाटीने बसवलेले. बारावीच्या मुलामुलींना, ज्यांना तिथे सीनियर म्हणतात, मोठी चौकट. मुलगे कोट-टायमध्ये, मुलींच्या गळ्यात बहुधा मोत्यांची एकेरी माळ आणि फोटोखाली बारीक टायपातल्या दोन-तीन ओळी. ‘बँड 1, 2, 3, 4, समूहगान 2, 3, शाळेचे वर्तमानपत्र 3, 4, वर्गाचे नाटक 4, खजिनदार 3’ अशा धर्तीच्या. आकडे हायस्कूलच्या चार वर्षांचे, नववी ते बारावी. या मुलाने कोणत्या वर्षी काय काय केले, त्याची ही नोंद. गुण कुठेच छापलेले नसतात.

छोट्या शाळांच्या पुस्तकांत या ओळी लांबलचक असतात. एकच मुलगी ट्रम्पेट वाजवते, नाटकात काम करते, वर्गाचा हिशेब ठेवते आणि इयरबुकच्या जाहिरातींसाठी गावातल्या दुकानांचे उंबरे झिजवते. शहरातल्या दोन हजार पटाच्या शाळेत नुसत्या नावावर भागलेले फोटो पुष्कळ. हा फरक मुलांच्या हुशारीचा नव्हता. तो कशाचा होता, हे शोधण्यात काही संशोधकांची वर्षे गेली. त्यांच्याकडे वळण्याआधी एक शाळा नीट पाहू.

इंडियाना राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, रिप्ली काउंटीत, मायलन नावाचे गाव आहे. 1954 साली वस्ती अकराशेच्या घरात आणि हायस्कूलचा पट 161. त्यात मुलगे 73. शाळेच्या बास्केटबॉल संघासाठी निवड-चाचणी लागली तेव्हा या 73 पैकी 58 जण मैदानात उतरले. मला ही संख्या त्या संघाच्या पुढच्या पराक्रमाइतकीच मोलाची वाटते. जवळजवळ प्रत्येक धडधाकट मुलाला आपला तिथे उपयोग आहे असे वाटत होते, आणि ते खरेही होते.

हायस्कूल पुरे करणे त्या काळी साधी गोष्ट नव्हती. 1949-50 साली अमेरिकेत सतरा वर्षांच्या दर शंभर मुलांमागे साधारण 59 जणच पदविकेपर्यंत पोचत. म्हणजे तिचे मोल आपल्याकडच्या जुन्या अकरावी मॅट्रिकसारखे. घरात पहिल्यांदाच कुणी तिथवर गेलेले असे, आणि त्यातल्या बहुतेकांचे शिक्षण तिथेच संपणार असे. म्हणून शेवटचे वर्ष गावाने आणि शाळेने मिळून साजरे करायचे, अशी एक घडी बसली होती.

ती घडी अशी. अंगठी अकरावीतच नोंदवलेली असे. शाळेचे नाव, वर्ष आणि मधोमध रंगीत खडा. मिनेसोटातल्या ओवाटॉना गावची जोस्टन्स ही कंपनी 1897 पासूनची. अशा अंगठ्यांनी ती मोठी झाली आणि 1950 पासून इयरबुकही छापू लागली. सप्टेंबरात वर्गाचे अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार निवडायचे. खजिनदाराचे काम खरोखरचे, कारण वर्षअखेरची सहल आणि इतर खर्च वर्गालाच उभा करावा लागे. मॅचच्या रात्री पॉपकॉर्न विकायचे, मासिकांच्या वर्गण्या गोळा करायच्या, आयांनी भाजलेले केक मांडून विक्री करायची. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी 1928 पासून फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका ही संघटना होती. तिचे निळ्या कॉर्डरॉयचे जाकीट घालून मुले वळूची पारख आणि सभाशास्त्र दोन्ही शिकत.

वर्गाच्या नाटकासाठी थॉर्नटन वाइल्डर यांचे 1938 चे ‘अवर टाउन’ फार चाले. त्याला नेपथ्य जवळजवळ लागतच नाही. दोन टेबले, काही खुर्च्या आणि शिड्या पुरतात, पण माणसे भरपूर लागतात. ज्या शाळेचा व्यायामशाळा, सभागृह आणि जेवणघर म्हणून एकच हॉल असे, तिला हे नाटक सोयीचे होते. त्यात एका छोट्या गावचे जगणे आणि मरणे आहे. कब्रस्तानातला शेवटचा अंक सतरा-अठरा वर्षांची मुले आपल्याच आईबापांसमोर करत. हे धाडस मोठेच म्हणायचे.

वसंतात प्रॉम, म्हणजे नाचाची संध्याकाळ. ती बहुधा अकरावीचा वर्ग बारावीला देई. मग वर्गाचे ‘मृत्युपत्र’. जाणारी मुले आपली लकब, आपले बाक, उशिरा येण्याची सवय खालच्या वर्गातल्या कुणाकुणाच्या नावे करून जात. त्याला जोडून ‘भविष्य’, वीस वर्षांनी कोण काय असेल याचे. एका रविवारी चर्चमध्ये उपासना, आणि त्या आठवड्यात पदवीदान. टोपी, झगा, संगीतकार एल्गर यांची 1901 ची संचलनाची धून, पहिल्या आलेल्या मुलाचे भाषण. त्यानंतर कुणी कारखान्यात, कुणी शेतावर, कुणी सैन्यात, कुणी महिन्याभरात बोहल्यावर.

मायलनच्या 1954 च्या वर्गाच्या वाट्याला या सगळ्याच्या आधी आणखी एक गोष्ट आली. इंडियानात तेव्हा शालेय बास्केटबॉलची एकच राज्यस्पर्धा होती. शाळा लहान असो की मोठी, गट एकच. त्या वर्षी 751 शाळा उतरल्या होत्या. मायलनचे प्रशिक्षक मार्विन वुड सव्वीस वर्षांचे होते. संघातले बहुतेक जण शेवटच्या वर्षाला. त्यातला बॉबी प्लम्प मायलनचाही नव्हता. तो शेजारच्या पियर्सव्हिलचा, जिथे जेमतेम पन्नास माणसे राहत. संघातली आणखी तीन मुले त्याच वस्तीवरची किंवा तिच्या आसपासची. कोठारापाशी ठोकलेल्या कड्यात चेंडू टाकत ही पोरे एकत्र वाढली होती. नेमबाजी आणि एकमेकांचा अंदाज या दोन गोष्टी वुडना आयत्या मिळाल्या.

अंतिम सामना 20 मार्च 1954 रोजी इंडियानापोलिसच्या बटलर फील्डहाउसमध्ये झाला. पंधरा हजार प्रेक्षक. समोर मन्सी सेंट्रल, पट मायलनच्या दहापट. मध्यंतराला मायलन 23-17 ने पुढे होते, तिसऱ्या सत्राअखेर 26-26, आणि चौथ्या सत्रात मन्सी दोन गुणांनी पुढे गेली. इथे वुडनी जे करायला सांगितले ते आजही पाहणाऱ्याला चक्रावते. दोन गुणांनी मागे असताना प्लम्प चेंडू हातात धरून उभा राहिला. चार मिनिटे तेरा सेकंद. पुढे सरकला नाही, चेंडू कुणाला दिला नाही. ठरावीक वेळात चेंडू फेकलाच पाहिजे असा नियम शालेय खेळात नव्हता. व्यावसायिक एनबीएनेही चोवीस सेकंदांचे घड्याळ त्याच वर्षीच्या शरदात आणले. चार-पाच मिनिटांचा सामना एक-दोन मिनिटांचा केला, तर उंच आणि दमदार प्रतिस्पर्ध्याची उंची आणि दम दोन्ही कमी कामाला येतात, हा हिशेब. त्यानंतर प्लम्पचा पहिला नेम चुकला, पण मन्सीकडून चेंडू सुटला. रे क्राफ्टने बरोबरी साधली, प्लम्पने दोन फ्री थ्रो घातले, मन्सीने पुन्हा 30-30 केले. अठरा सेकंद उरले असताना मायलनने वेळ मागून घेतली. ठरले असे की चौघांनी एका बाजूला सरायचे आणि प्लम्पला त्याच्या रक्षकासमोर एकटा सोडायचा. तो उजवीकडे सरकला, थबकला, उडी मारून चेंडू सोडला. 32-30.

दुसऱ्या दिवशी संघ मोटारींतून गावी परतला, तेव्हा मागे मैलोन्‌मैल गाड्यांची रांग होती आणि अकराशेच्या त्या गावात जमलेल्या माणसांचा अंदाज चाळीस हजारांचा केला गेला. 1986 साली या कथेच्या आधारे ‘हूझियर्स’ हा चित्रपट आला. त्यातले हिकरी हे गाव आणि तिथली माणसे काल्पनिक आहेत, पण शेवटचा सामना त्याच फील्डहाउसमध्ये चित्रित झाला.

या कथेत मायलनच्या मुली दिसत नाहीत, आणि ते विसरून चालणार नाही. पटावरच्या 161 मध्ये त्या 88 होत्या, मुलग्यांपेक्षा जास्त. राज्यस्पर्धेच्या रात्री त्यांच्या वाट्याला ओरडून प्रोत्साहन देणे आणि बँड आला. इंडियानात मुलींची पहिली राज्यस्पर्धा 1976 साली झाली. फ्यूचर फार्मर्समध्ये मुलींना 1969 पर्यंत राष्ट्रीय पातळीवर प्रवेश नव्हता. इयरबुकातल्या मुलींच्या ओळी लांब असत, पण त्या कशाकशाने भरायच्या हे आधीच ठरलेले असे.

दुसरी कहाणी त्याच स्पर्धेतली. अंतिम फेरीच्या वाटेवर मायलनने 65-52 ने हरवलेला एक संघ क्रिस्पस ॲटक्स हायस्कूलचा होता. 1927 साली इंडियानापोलिसने काळ्या मुलांना वेगळे ठेवण्यासाठी काढलेली ही शाळा. संघात ऑस्कर रॉबर्टसन नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा होता, जो पुढे जगातल्या थोर खेळाडूंत गणला गेला. पुढच्याच वर्षी, 1955 साली, ॲटक्सने स्पर्धा जिंकली आणि 1956 मध्ये पुन्हा जिंकली. विजेत्यांनी शहराच्या मध्यभागी असलेल्या मॉन्युमेंट सर्कलवर जल्लोष करायचा, ही रीत. 1955 साली ॲटक्सच्या मुलांची गाडी त्या चौकाला वळसा घालून थेट काळ्या वस्तीतल्या नॉर्थवेस्टर्न पार्ककडे नेण्यात आली. उत्सव तिथे करा, असा त्याचा अर्थ. रॉबर्टसन यांनी हे शल्य पुढे अनेक वर्षे बोलून दाखवले. इंडियानापोलिसला आपल्या शहरातला पहिला विजेता संघ मिळाला होता, आणि त्याला त्या शहराचा चौक मिळाला नाही. मायलनची गोष्ट सांगताना ही गोष्ट सांगितली नाही, तर ती अर्धीच सांगितल्यासारखे होते.

आता मोठ्या आणि छोट्या शाळांच्या प्रश्नाकडे. ऑक्टोबर 1957 मध्ये सोव्हिएत स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिका आपल्या शाळांकडे संशयाने पाहू लागली. हार्वर्डचे माजी अध्यक्ष, रसायनशास्त्रज्ञ जेम्स कोनंट यांनी 1959 साली ‘द अमेरिकन हायस्कूल टुडे’ हा अहवाल दिला. शेवटच्या वर्गात किमान शंभर मुले नसतील तर ती शाळा पदार्थविज्ञान, वरचे गणित, परकीय भाषा धडपणे शिकवू शकत नाही. म्हणून छोटी हायस्कुले कमी करा, असा त्यांचा आग्रह. मुद्दा खोटा नव्हता. मायलनएवढ्या शाळेत एकाच शिक्षकाने दोन-तीन विषय ओढायचे आणि प्रयोगशाळा नावापुरती असायची, हे नेहमीचेच. त्याच वर्षी इंडियानाने शाळांच्या पुनर्रचनेचा कायदा केला. एकत्रीकरणाची लाट देशभर आधीपासूनच होती. 1939-40 मध्ये अमेरिकेत एक लाख सतरा हजारांवर शालेय जिल्हे होते, ते 1970-71 पर्यंत अठरा हजारांवर आले.

त्याच सुमाराला कॅन्ससमधल्या ओस्कलूसा या छोट्या गावात रॉजर बार्कर नावाचे मानसशास्त्रज्ञ मुक्काम ठोकून होते. 1947 पासून ते आणि त्यांचे सहकारी तिथल्या मुलांचे रोजचे जगणे टिपत होते. सात वर्षांच्या एका मुलाचा 26 एप्रिल 1949 हा अख्खा दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत, त्यांनी मिनिटामिनिटाने नोंदवून त्याचे पुस्तक केले. इतक्या चिकाटीची ही माणसे. 1964 साली बार्कर आणि पॉल गम्प यांनी ‘बिग स्कूल, स्मॉल स्कूल’ लिहिले. त्यांनी पाहिलेल्या शाळांत सर्वांत लहान 35 मुलांची होती आणि सर्वांत मोठी 2,287 मुलांची. मुलांची संख्या 65 पट वाढली, पण मुलांना भाग घेता येईल असे प्रसंग आणि जागा जेमतेम 8 पट वाढल्या. नाटक दोन हजार मुलांच्या शाळेतही वर्षाला एक-दोनच होते आणि बास्केटबॉल संघात मैदानावर पाचच जण असतात. उरलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या. छोट्या शाळेत मुलाला बोलावून घ्यावे लागते, कारण तो आला नाही तर नाटक उभे राहत नाही.

बार्करच्या गटाने आणखी एक गोष्ट पाहिली, आणि माझ्या मते पुस्तकाचा गाभा तोच आहे. अभ्यासात मागे पडलेली, शाळा सोडण्याच्या काठावरची मुले मोठ्या शाळेत कडेला पडतात. आपण काही करावे अशी कुणाची अपेक्षा आहे, असे त्यांना जाणवत नाही. छोट्या शाळेत त्याच मुलांना इतरांइतकीच जबाबदारी वाटते. आपल्याकडेही, महाराष्ट्रात, 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळा उभ्या करण्याचा विषय 2023 साली चर्चेत आला. त्या शाळा प्राथमिक आणि त्यांची परिस्थिती वेगळी. तरी दर विद्यार्थी खर्च काढताना कोनंट यांचा अहवाल हाताशी असतो आणि बार्कर यांचे पुस्तक नसते, असे चित्र मला तिथेही दिसते.

इंडियानातली सर्वांसाठी एकच असलेली स्पर्धा 1997 साली शेवटची खेळली गेली. पुढच्या हंगामापासून शाळांचे पटाप्रमाणे चार गट पाडण्यात आले, छोट्यांनाही करंडक मिळावा म्हणून. या बदलाला जाहीर विरोध करणाऱ्यांत बॉबी प्लम्प पुढे होते. छोट्या शाळेला वेगळ्या गटातले विजेतेपद नको, मोठ्यांविरुद्ध मैदानात उतरण्याची संधी हवी, हे त्यांचे म्हणणे. निर्णय बदलला नाही. मायलनचे हायस्कूल मात्र एकत्रीकरणाच्या लाटेतून वाचले. ते आजही चालू आहे, आणि त्याचा संघ आता लहान शाळांच्या गटात खेळतो.