धनंजय कीर यांचे चरित्रलेखन

धनंजय कीर यांचे मूळ नाव अनंत विठ्ठल कीर. जन्म 1913 चा, रत्नागिरीतला. त्यांच्या शालेय वयात सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. सहभोजने आणि मंदिरप्रवेश यांवरून शहरात वाद चालू होते आणि 1931 मध्ये भागोजीशेठ कीरांनी बांधलेले पतितपावन मंदिर सर्व जातींना खुले झाले. पुढे धनंजय कीरांनी मुंबईत महापालिकेच्या शिक्षण खात्यात नोकरी केली. विद्यापीठातले पद हाताशी नसताना, बहुतांशी इंग्रजीतून, त्यांनी चरित्रे लिहिली. 1950 च्या सावरकर-चरित्रावर लेखक धनंजय कीर आणि प्रकाशक ए. व्ही. कीर, म्हणजे माणूस एकच!

आंबेडकरांचे चरित्र 1954 मध्ये आले, तेव्हा चरित्रनायक हयात होते. अशा पुस्तकाला शेवट नसतो. 1956 मधील नागपूरचे धर्मांतर आणि महापरिनिर्वाण पुढच्या आवृत्तीत घ्यावे लागले. चां. भ. खैरमोडे यांनी त्याच सुमारास मराठीत आंबेडकर-चरित्राचे खंड काढायला सुरुवात केली होती. त्यांनी कागदपत्रांचा मोठा साठा अनेक खंडांत मांडला, तर कीरांनी सगळे आयुष्य एका ग्रंथात बसवले.

कीरांची भिस्त वृत्तपत्रे आणि तारखांवर. घटना क्रमाने लावण्याचे महत्त्व महाडच्या प्रकरणात नीट दिसते. ‘महाडचा सत्याग्रह’ म्हटले की एकच प्रसंग डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात 1927 मध्ये परिषदा दोन झाल्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 मध्ये मंजूर झाला होता आणि त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने तळे खुले केले होते, पण कागदावरच. 20 मार्चला पहिल्या परिषदेचे लोक चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. मग देवळात घुसणार अशी अफवा उठली आणि त्यांच्यावर हल्ला झाला. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव फिरवला. डिसेंबरमध्ये न्यायालयाचा मनाईहुकूम आला. दुसऱ्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, तळ्यावरचा सत्याग्रह मात्र या हुकुमामुळे स्थगित झाला. ऑगस्ट आणि डिसेंबरच्या या दोन नोंदी गाळल्या, तर ही स्थगिती निव्वळ माघार वाटेल.

फुल्यांच्या बाबतीत काम वेगळे होते. ते 1890 मध्येच वारले होते आणि त्यांचे लेखन विखुरलेले होते. 1964 मध्ये कीरांनी त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले. 1969 मध्ये स. गं. मालशे यांच्यासह संपादित केलेले ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रकाशित केले. अभ्यासकाच्या दृष्टीने हे काम चरित्राहून कमी मोलाचे नाही, कारण चरित्रकाराशी मतभेद असले तरी मूळ लेखन वाचता येते. 1976 मध्ये शाहू छत्रपतींचे चरित्र आले. शाहूंच्या 1902 च्या आरक्षणाच्या हुकुमामुळे हा विषय त्याच मालिकेतला.

कीर विशेषणांच्या बाबतीत सढळ. नायकाची बाजू घेताना त्यांचा आवाज चढतो आणि विरोधकाला क्वचितच पुरेसे ऐकून घेतले जाते. सावरकर, आंबेडकर आणि फुले एकाच लेखकाचे आदरविषय कसे, हा प्रश्नही वाचकाला पडतो. त्यामुळे अभ्यासक त्यांचे निष्कर्ष तपासून घेतात. घटनाक्रमासाठी मात्र त्यांच्याकडे वळतात. 1971 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. 1984 मध्ये त्यांचे निधन झाले.