आभासी यंत्रांच्या सर्व्हरला वाढीव साठवण जोडणे : वनजिल्ह्यांतील नोंदींच्या संदर्भात एक विवेचन

प्रश्नाचे स्वरूप

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे साग, बांबू आणि तेंदूपाने यांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत. गेल्या दोन दशकांत या वनांतून आणखी एक वस्तू विपुल प्रमाणात निघू लागली आहे. ती म्हणजे नोंदी. मेंढा (लेखा) या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर गावोगावच्या सीमांचे नकाशे, उपग्रहांच्या साहाय्याने घेतलेले बिंदू आणि ग्रामसभांचे ठराव यांचा संग्रह वाढत गेला. दुसरीकडे व्याघ्रगणनेची पद्धत पावलांच्या ठशांवरून स्वयंचलित छायाचित्रांवर आली. २०१८ च्या अखिल भारतीय गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे बसविण्यात आले व ३,४८,५८,६२३ छायाचित्रे मिळाली. त्यांपैकी वाघांची छायाचित्रे ७६,६५१, म्हणजे शेकडा पाव टक्क्याहूनही कमी. परंतु ती कोणती हे छाननी झाल्यावाचून कळत नाही. म्हणून सर्वच ठेवावी लागतात.

ताडोबासारख्या क्षेत्राचा हिशेब उदाहरणादाखल मांडून पाहू. दोन चौरस किलोमीटरच्या प्रत्येक चौकटीत कॅमेऱ्यांची एक जोडी, या प्रमाणाने सुमारे सहाशे चौरस किलोमीटरांत सहाशे कॅमेरे लागतील. प्रत्येकी दररोज पन्नास छायाचित्रे, तीस दिवस आणि प्रत्येक छायाचित्राचा आकार दोन मेगाबाइट असे गृहीत धरल्यास एका हंगामाची नऊ लक्ष छायाचित्रे होतात व त्यांस १·८ टेराबाइट जागा लागते. पुढील हंगामासाठी कॅमेऱ्यांतील कार्डे पुसली की सर्व्हरवरील प्रत हीच मूळ प्रत ठरते. गतवर्षीच्या उन्हाळ्यात पाणवठ्यावर आलेला वाघ पुन्हा त्या दिवशी, त्या ठिकाणी टिपता येत नाही. तेव्हा साठवण वाढविणे हे केवळ यांत्रिक काम न राहता संशोधनाच्या प्रामाण्याशी निगडित होते. या दृष्टीने त्याची मीमांसा करण्याचा येथे हेतू आहे.

साठवणीचे थर

विद्यापीठीय विभागात बहुधा एकच सर्व्हर असतो व त्यावर अनेक आभासी यंत्रे, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालविली जातात: एकावर छायाचित्रांचा संग्रह, दुसऱ्यावर नकाशांचा, तिसऱ्यावर ग्रंथालयाची सूची. विवेचनासाठी आपण प्रॉक्समॉक्स ही लिनक्सवर आधारलेली, मुक्त परवान्याची व्यवस्था समोर ठेवू. तत्त्वे इतर व्यवस्थांनाही बहुतांशी लागू पडतील.

आभासी यंत्राला आपल्याजवळ एक स्वतंत्र डिस्क आहे असे भासते. वस्तुतः ती यजमान सर्व्हरने त्याला दिलेला एक वाटा असतो. हा वाटा व प्रत्यक्ष डिस्क यांच्यामध्ये तीन थर असतात. सर्वांत खाली प्रत्यक्ष डिस्क. तिच्यावर अनेक डिस्क एकत्र गणणारा खंडसमूह, ज्यास व्हॉल्यूम ग्रुप म्हणतात. आणि त्यातून पाडलेले तार्किक खंड. आभासी यंत्राच्या आत पुन्हा त्याचे स्वतःचे विभाजन व फाइलव्यवस्था असते. वाढ एका थरात केली म्हणून ती वरच्या थरांत आपोआप पोहोचत नाही. नवशिक्या व्यवस्थापकाची पहिली चूक येथेच होते. यजमानावर डिस्क वाढली, पण आतील फाइलव्यवस्था पूर्वीएवढीच राहिली, आणि ‘जागा शिल्लक नाही’ ही सूचना तशीच कायम राहिली, असे घडते.

येथे मापनाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. निर्माते टेराबाइट हा दहाच्या बाराव्या घातावर मोजतात, तर पुष्कळ संगणकव्यवस्था दोनच्या चाळिसाव्या घातावर. त्यामुळे चार टेराबाइटची डिस्क पडद्यावर ३·६ इतकीच दिसते. हे मापांतील अंतर होय, डिस्कमधील दोष नव्हे.

तलावाचा दृष्टान्त

तार्किक खंड दोन प्रकारांनी पाडता येतात. पहिल्या प्रकारात सांगितलेली जागा तत्काळ राखून ठेवली जाते. दुसऱ्यात केवळ आश्वासन दिले जाते व प्रत्यक्ष लेखन होईल तसतशी सामाईक साठ्यातून जागा खर्ची पडते. या दुसऱ्या प्रकारास थिन पूल म्हणतात.

पूर्व विदर्भातील वाचकांस मालगुजारी तलावांवरून हा प्रकार सहज उमगेल. तलावाखाली भिजणाऱ्या बांध्यांची मागणी तलावातील पाण्याहून अधिक असू शकते. सर्वांना एकाच वेळी पाणी लागत नाही तोवर व्यवहार सुरळीत चालतो. ३·६ टेराबाइटच्या साठ्यातून तीन यंत्रांना प्रत्येकी दोन टेराबाइट, म्हणजे एकूण सहा, देऊ करता येतात ते याच न्यायाने. मात्र एक भेद लक्षणीय आहे. तलावाला सांडवा असतो, थिन पूलला तो नाही. साठा भरताच लेखन अडते, आणि ज्या यंत्राने जागा वापरली नाही त्याचेही काम बंद पडते. अर्धवट लेखनामुळे त्याची फाइलव्यवस्था बिघडण्याचाही संभव असतो. म्हणून साठा शेकडा ऐंशी भरताच इशारा मिळेल अशी तजवीज करावी. शिवाय आभासी यंत्रात फाइली पुसल्या तरी यजमानास त्याची वार्ता लागत नाही. ती लागावी यासाठी त्या डिस्कच्या मांडणीत डिस्कार्ड हा पर्याय सुरू ठेवावा लागतो व आतील यंत्रानेही मोकळी जागा वेळोवेळी कळवावी लागते.

जोड आणि जोखीम

वाढीव डिस्क जुन्याच खंडसमूहात मिसळावी की तिचा स्वतंत्र साठा करावा, हा खरा निर्णयाचा प्रश्न आहे. मिसळणे सोपे असते आणि म्हणूनच ते मोहक वाटते. परंतु एकामागून एक जोडलेल्या दोन डिस्कपैकी कोणतीही एक निकामी झाली तर संपूर्ण साठा गमावण्याची वेळ येते. एका डिस्कच्या वार्षिक बिघाडाची शक्यता शेकडा दोन मानली, तर अशा जोडसाठ्याची ती जवळजवळ चार होते. याउलट तीच दोन डिस्क परस्परांच्या प्रतिबिंबाप्रमाणे ठेवल्या, तर दोन्ही एकाच वर्षी जाण्याची शक्यता शेकडा ०·०४ इतकी उरते. पहिल्या व्यवस्थेत आठ टेराबाइट मिळतात, दुसऱ्यात चार. उरलेले चार टेराबाइट हे या सुरक्षिततेचे मोल होय.

या गणितात दोन्ही बिघाड परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत आहे, हे विसरता कामा नये. एकाच वेळी खरेदी केलेल्या, एकाच खोलीत तापणाऱ्या डिस्क पूर्णतः स्वतंत्र नसतात. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७ अंशांवर जातो. खोली थंड राखणारे यंत्र विजेअभावी थांबले तर डिस्कच्या सुमारे साठ अंशांच्या कार्यमर्यादेपर्यंत फारसे अंतर उरत नाही.

प्रतिबिंबासाठी झेडएफएस ही व्यवस्था उपयुक्त ठरते. ती प्रत्येक खंडाची तपासणी-संख्या ठेवते आणि एका डिस्कवरील मजकूर विटला असल्यास दुसऱ्या डिस्कवरून तो दुरुस्त करते. तिला स्मृती मात्र अधिक लागते, याचा विचार आधी करावा.

कृतीचा क्रम

प्रथम नव्या डिस्कचा अनुक्रमांक कागदावर उतरवावा व यंत्राने दाखविलेल्या अनुक्रमांकाशी ताडून पाहावा. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर बदलू शकतात. केवळ नावावर विसंबून भरलेली डिस्क पुसली जाण्याचा धोका असतो. नंतर डिस्कची अंतर्गत आरोग्यचाचणी घ्यावी. ती उत्तीर्ण झाल्यावरच जुने विभाजन पुसून साठा निर्माण करावा.

साठा तयार झाल्यावर त्याची प्रॉक्समॉक्समध्ये नोंद करावी व त्यात काय ठेवावयाचे, म्हणजे यंत्रांच्या डिस्क, स्थापनेच्या प्रतिमा की प्रतिलिपी, हे ठरवून द्यावे. निर्देशिकेच्या रूपाने डिस्क जोडताना एक सूक्ष्म दोष उद्भवतो. काही कारणाने डिस्क जोडलीच गेली नाही, तर त्या नावाची रिकामी निर्देशिका मूळ डिस्कवर उरते आणि सर्व लेखन निमूटपणे तेथे होऊ लागते. मूळ डिस्क भरली की सर्व्हरच ठप्प होतो. त्यासाठी ‘ही निर्देशिका जोडबिंदू असेल तरच वापरावी’ ही अट मांडणीत स्पष्ट घालावी, आणि डिस्कचा उल्लेख तिच्या स्थिर ओळखक्रमांकाने करावा.

त्यानंतर आभासी यंत्राचा वाटा वाढवावा आणि शेवटी त्या यंत्रात शिरून विभाजन व फाइलव्यवस्था वाढवावी. हा क्रम उलटा करता येत नाही. वाटा वाढविणे सुकर असले तरी तो कमी करणे धोक्याचे असते. म्हणून आरंभी थोडेच द्यावे.

प्रतिबिंब आणि प्रतिलिपी

प्रतिबिंब म्हणजे प्रतिलिपी नव्हे, हे या विवेचनातील सर्वांत महत्त्वाचे विधान होय. चुकून पुसलेले छायाचित्र दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसले जाते. प्रतिलिपी ही दुसऱ्या यंत्रावर, शक्य तर दुसऱ्या इमारतीत वा गावी असावी, आणि वर्षातून काही वेळा तीवरून एखादे यंत्र प्रत्यक्ष उभे करून पाहावे. जी प्रतिलिपी कधी परत वाचून पाहिली नाही, तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

जुन्या मालगुजारी तलावांची पाळ जितकी लांब, तितकी दरवर्षी तिची देखरेख अधिक. साठवणीचेही तसेच आहे. जागा वाढविताना तिच्यासोबत वाढणारी जबाबदारी आधी मोजून घ्यावी. ज्या ग्रामसभेने आपल्या वनसीमेचा नकाशा विश्वासाने आपल्या हाती दिला, तिला त्याची प्रत पुढेही हवी तेव्हा देता आली पाहिजे, आणि ही कसोटी डिस्कच्या आकाराहून मोठी आहे.